हार नको, उत्तर लिहा

ताराबाई शिंदे हे नाव आपल्या चळवळीत आता नवे राहिलेले नाही. ३ जानेवारी असो की ८ मार्च, फलकावर सावित्रीबाईंच्या शेजारी त्यांचे नाव असते. 'पहिली स्त्रीवादी लेखिका' म्हणून त्यांचा उल्लेख होतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. आम्हा वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांना तर या नावाचा जरा जास्तच अभिमान. ताराबाई बुलडाण्याच्या, म्हणजे आमच्याच. बाळापूरहून खामगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बुलडाणा जिल्ह्याची हद्द येते.

पण 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक किती जणींनी वाचले आहे, असे कोणत्याही शिबिरात विचारून पाहावे. फार थोडे हात वर येतात. यात कार्यकर्त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पुस्तक सहज मिळत नाही, मिळाले तर जुनी भाषा पहिल्या पानावरच अडवते, आणि दिवसभर केसेस, मोर्चे, पोलीस स्टेशन करून आलेल्या बाईला रात्री वाचायला वेळ कुठला? तरीही मला वाटते की नाव घेण्याची सवय ही न वाचण्याची सोय होऊन बसली आहे. ताराबाईंचा वारसा 'पहिली' या किताबात नाही. एका वर्तमानपत्राने एका बाईच्या निमित्ताने साऱ्या बायकांवर चिखलफेक केली आणि या बाईने बुलडाण्यात बसून त्याला लेखी उत्तर दिले, हे त्यांचे काम. ते काम आज आपण करतो का, एवढाच प्रश्न मला या लेखात मांडायचा आहे.

एक खटला आणि एक पुस्तक

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे नवजात मूल मारल्याचा खटला चालला. वैधव्यात दिवस गेले होते. कोर्टाने फाशी सांगितली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे तीही कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून यावर पुष्कळ चर्चा झाली. पुण्याच्या 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने बायकांच्या बिघडलेल्या चालचलणुकीवर टीका केली. बायका सैल झाल्या, त्यांना नव्या वाऱ्याने बिघडवले, असा त्या टीकेचा रोख होता.

हे सारे वाचून ज्या बाईचे डोके फिरले ती सुरतेची नव्हती, पुण्याची नव्हती आणि ब्राह्मणही नव्हती. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेलेला होता, कचेऱ्या निघाल्या होत्या, आणि कचेरीतल्या माणसाच्या घरात वर्तमानपत्र येत होते. बापूजींनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. मराठा घराण्याच्या चालीरीतीप्रमाणे तिचे लग्नही केले. नवरा घरजावई होता. मूलबाळ झाले नाही. घराबाहेरचे जग तिच्यासाठी बंदच होते, पण छापील कागद तेवढा उंबरठा ओलांडून आत येत होता.

१८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ताराबाईंचे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्री आणि पुरुष यांत खरे साहसी कोण, हे दाखवण्यासाठी निबंध लिहिला आहे, असे मुखपृष्ठावरच सांगितलेले होते. साहस म्हणजे आज आपण म्हणतो ते धाडस नव्हे. मागचापुढचा विचार न करता केलेले दांडगे, वाईट कृत्य, असा त्या शब्दाचा तिथला रोख आहे. म्हणजे नावातच आव्हान होते: बायकांना वाईट म्हणता ना? या, मोजून पाहू.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' निघाले. त्यात बायकांनी शिकावे, नीट वागावे, स्वतःची उन्नती करावी असा उपदेश होता. रमाबाई पुढे किती लांबवर गेल्या ते आपण जाणतोच. पण १८८२ साली सुधारणेच्या गोटात बाईला उद्देशून उपदेश करायची रीत होती. ताराबाईंनी तोंड फिरवून पुरुषांकडे केले.

त्यांनी नेमके काय केले

पुस्तकाच्या आरंभीच त्या सांगतात की आपण अमुक जात, अमुक घराणे पाहून लिहीत नाही, तुलना फक्त स्त्री आणि पुरुष यांची आहे. मग पुरुषांनी बायकांवर जे जे आरोप केले ते एकेक उचलून विचारतात की हा दुर्गुण तुमच्यात नाही का? आणि नेहमी उत्तर असे निघते की आहे, शिवाय चारपट आहे.

बायको मेली की पुरुष दुसरी आणतो, म्हातारपणी आणतो, आणि लोक लाडू खायला जातात. नवरा मेला की बाईचे केस, कुंकू, बांगड्या, अन्न, बोलणे, हसणे सारे जाते. मरण दोघांना सारखे, मग शिक्षा एकालाच का? नवऱ्याला देव मानायचे, तर देवासारखे वागायचे कुणी? सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, बायकोसाठी यमाच्या दारात गेलेला एखादा नवरा दाखवा. शास्त्रे लिहिणाऱ्यांना आणि पुराणातल्या देवांनाही त्या सोडत नाहीत. वेश्येला नावे ठेवणाऱ्यांना त्या विचारतात, तिला त्या दारापर्यंत आणले कुणी? सभा भरवून टेबलावर हात आपटणाऱ्या सुधारकांनाही त्या चांगलेच सुनावतात: भाषणे झाली, पुढे काय केलेत? इंग्रजांचे कपडे, खाणे, नोकऱ्या सगळे उचलता आणि बायकोला मात्र आजोबांच्या काळात बसवता.

हे सगळे त्यांनी पंडिती मराठीत लिहिलेले नाही. चुलीपाशी, विहिरीवर, जात्यावर बायका जशा भांडतात, म्हणी मारतात, शिव्या घालतात, त्या भाषेत लिहिले आहे. म्हणूनच वाचायला अवघड असलेले हे पुस्तक ऐकायला अजिबात अवघड नाही. हे मी बाळापूरच्या अनुभवावरून सांगते आहे. आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही त्यातली पाने मोठ्याने वाचली. चौथी शिकलेल्या, न शिकलेल्या बायकाही होत्या. विधुराच्या लग्नाचा मजकूर आला तेव्हा हशा थांबेना. विजयालक्ष्मीची हकिकत सांगितली तेव्हा एक शेतमजूर बाई एकदम म्हणाली, "लेकरू काय तिनं एकटीनंच केलं काय वो ताई? मंग थो कोठी गेला?" तिला वाचता येत नव्हते. पण ताराबाईंच्या पुस्तकाचे सार तिने एका दमात सांगितले होते.

त्या बैठकीत मुसलमान भगिनीही होत्या. विधवेच्या लग्नाला आमच्यात मनाई नाही, असे एकीने सांगितले. तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "मज़हब तो नहीं रोकता, मोहल्ला रोकता है." दुसऱ्या एकीने सांगितले की तिच्या आजीचा पाट लागला होता, पण घरात कुणी पैसा जोडला, मुले शिकली, आणि मग तिच्या आईच्या वेळी 'आपल्यात असे चालत नाही' झाले. कष्टकरी जातींत विधवेला असलेली वाट घराण्याची पत वाढली की बंद होते, ही गोष्ट ताराबाईंना त्यांच्या मराठा घरात दिसत होती. शंभरावर वर्षांनी ती आमच्या बैठकीत जशीच्या तशी निघाली.

गप्प कुणी केले?

पुस्तकाची टिंगल झाली. शत्रूंनी केली असती तर नवल नव्हते. पण सत्यशोधकांच्या वर्तुळातल्या माणसांनीही नाके मुरडली. जोतीरावांना ते सहन झाले नाही. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच लोकांना फटकारले. विधवांच्या मुलांसाठी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या आणि ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेणाऱ्या माणसाला विजयालक्ष्मीचे दुःख कुणी समजावून सांगावे लागत नव्हते.

पण एकट्या जोतीरावांच्या पाठिंब्याने काय होणार? ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. 'स्त्री पुरुष तुलना' विस्मरणात गेले ते थेट १९७५ पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू होते, आपल्याकडे स्त्रीमुक्तीच्या परिषदा भरत होत्या, आणि त्र्याण्णव वर्षांनी ताराबाई परत आल्या. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद अभ्यासपूर्ण प्रस्तावनेसह काढला आणि जगभरच्या विद्यापीठांत ते वाचले जाऊ लागले.

इथे मला फिनलंडच्या मिन्ना कान्त यांची आठवण होते. त्या १८४४ साली जन्मल्या, म्हणजे ताराबाईंच्याच पिढीतल्या. १८७९ साली नवरा वारला, पदरात सात मुले. त्यांनी कुओपिओ गावात कापडाचे दुकान चालवले आणि दुकान सांभाळून नाटके लिहिली. १८८५ साली 'कामगाराची बायको' या अर्थाच्या नावाचे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले. बायकोच्या पैशावर नवऱ्याचा हक्क मानणाऱ्या कायद्यावर त्यात हल्ला होता. मोठा गदारोळ झाला. १८८८ साली त्यांचे एक नाटक पहिल्या प्रयोगानंतरच बंद करण्यात आले. तरी त्या लिहीत राहिल्या. १८९५ च्या 'आना लीसा' या नाटकाची नायिका कोण, तर लपवून बाळंत झालेली आणि मूल मारलेली एक मुलगी. सुरत आणि फिनलंड यांत किती अंतर आहे! पण बाईला एकटीला उभे करायचा तो पिंजरा दोन्हीकडे सारखाच निघाला. १९०६ साली फिनलंडच्या स्त्रियांना मताचा आणि निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क मिळाला. २००७ पासून १९ मार्चला, मिन्ना यांच्या जन्मदिवशी, त्या देशात झेंडा उभारला जातो.

हे मी तुलना करून हळहळण्यासाठी लिहीत नाही. मिन्ना यांनाही बंदी आली, शिव्या आल्या. मग त्या का थांबल्या नाहीत? त्यांच्या हातात दुकानाचा स्वतःचा पैसा होता. नाटक घ्यायला नाट्यसंस्था होती. घरी येऊन वाद घालणारी तरुण मंडळी होती. ताराबाईंच्या हाती यातले काही नव्हते. दुसरा लेख पाठवायला मासिक नव्हते, आणि 'बाई, पुढे लिहा' म्हणणारा बायकांचा गट नव्हता. बाईच्या लिहिण्यासाठी हिंमत लागते असे आपण नेहमी म्हणतो. हिंमत ताराबाईंकडे होतीच. हिंमतीच्या पाठीमागे उभी राहणारी जागा नव्हती. ही गोष्ट आपल्यासारख्या नियतकालिकांनी नीट लक्षात ठेवायला हवी.

आक्षेप

काही मैत्रिणी म्हणतात, ताराबाईंना एवढे डोक्यावर कशाला घ्यायचे? त्यांनी लग्नसंस्था नाकारली नाही. पातिव्रत्याची थट्टा केली तरी चांगल्या संसाराचे स्वप्न सोडले नाही. राणीच्या राज्यावर भरवसा ठेवला. जात बाजूला ठेवून बोलायचे ठरवले, पण ज्या बाईला उन्हात निंदायला जावे लागते, जिच्यावर जातीमुळे हात टाकला जातो, तिची वेगळी कैफियत त्यांच्या पुस्तकात येत नाही.

हे आक्षेप मला मान्य आहेत. दलित स्त्रियांच्या संघटनांनी आपल्या चळवळीला जे शिकवले, त्यानंतर 'सगळ्या बायका सारख्या' असे म्हणून भागत नाही. ताराबाईंनी जात बाजूला ठेवली म्हणून एका वऱ्हाडी मराठा बाईला सुरतेच्या ब्राह्मण विधवेसाठी उभे राहता आले, हे खरे. आणि त्याच वाक्यामुळे काही बायका नजरेआड राहिल्या, हेही खरे. दोन्ही एकदम सांगावे. पण ज्या पुस्तकाशी वाद घालायचा ते वाचले तर पाहिजे. हार घातलेल्या फोटोशी वाद होत नाही.

आजचे 'पुणेवैभव'

आता आपल्याकडच्या बातम्या पाहा. शेताच्या धुऱ्यावर, नाल्यात, बसस्टँडच्या मागे अर्भक सापडते. दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला असतो: 'निर्दयी माता', 'मातृत्वाला काळिमा'. बातमीत तिचे वय, गाव, कधी जात, ती विधवा की कुमारिका, सारे येते. बाप मात्र बातमीत नसतो. 'अज्ञात' असाही नसतो. तो कुणाला आठवतच नाही.

आणि कायदा काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३१७ बारा वर्षांखालचे मूल उघड्यावर टाकून देण्याबद्दल होते. त्यात 'बाप किंवा आई' असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ९३ व्या क्रमांकाने आले आहे. म्हणजे विजयालक्ष्मीच्या खटल्याच्या आधीपासून कायद्याला बाप माहीत आहे. तो विसरतो तपास, विसरते बातमी आणि विसरतो गावाचा पार.

बाई त्या धुऱ्यापर्यंत का पोहोचते, हेही कुणी विचारत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. अल्पवयीन मुलीचे नाव उघड न करण्याची मुभा डॉक्टरला आहे, हेही त्याच निकालात आहे. कागदावर एवढे सगळे असताना एखादी विधवा किंवा कॉलेजची पोर दवाखान्याच्या दारातून परत फिरते, कारण पहिला प्रश्न येतो, "नवरा कुठे आहे?" ताराबाईंनी विचारलेला 'तो कुठे आहे' आणि दवाखान्यातला हा प्रश्न, शब्द जवळपास तेच आहेत. एकाने पुरुषाला हिशोबाला बोलावले जाते, दुसऱ्याने बाईला दाराबाहेर काढले जाते.

विधवेचा प्रश्न तर आमच्या वऱ्हाडात गल्लीगल्लीत आहे. कापसाच्या, सोयाबीनच्या कर्जात नवऱ्याने जीव दिला की मागे राहिलेली बाई तलाठ्याकडे, बँकेत, तहसीलला खेटे घालते. आत्महत्या मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे ठरायचे असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती पहिल्या वर्गाची वारस आहे, तरी सातबाऱ्यावर नाव चढवताना दीर, सासरा आडवे येतात. आणि तिने जरा बरी साडी नेसली, कुणा पुरुषाशी दोन शब्द बोलली, की पारावर चर्चा सुरू. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. चांगलेच झाले. पण 'स्त्री पुरुष तुलना' छापल्याला तेव्हा १४० वर्षे झाली होती.

मग करायचे काय?

माझ्या तीन सूचना आहेत. पैसा फारसा लागणार नाही.

एक, प्रत्येक गटाने हे पुस्तक मिळवावे आणि बैठकीत मोठ्याने वाचावे. एका वेळी चार-पाच पाने पुरेत. अवघड शब्द वयस्क बायकांना विचारावे, त्यांना ते येतात. वाचून झाले की प्रत्येकीने आपल्या घरातले एक उदाहरण सांगावे. वाद झाला तर होऊ द्यावा.

दोन, गावातल्या वर्तमानपत्रात बाईविषयी जी जी बातमी येते तिचे कात्रण एका वहीत चिकटवावे. शेजारी तीन गोष्टी लिहाव्या: या बातमीत पुरुष आहे का? बाईची कोणती माहिती विनाकारण दिली आहे? कायदा काय म्हणतो? सहा महिन्यांची वही झाली की ती घेऊन संपादकाकडे जावे. एकट्या बाईला हसून वाटेला लावता येते, वही घेऊन आलेल्या दहा जणींना तसे करता येत नाही.

तीन, उत्तर लिहावे. आठ दिवसांच्या आत, गटाच्या नावाने, सह्या आणि अंगठे घेऊन. त्या वर्तमानपत्राने छापले तर ठीक. नाही छापले तर या त्रैमासिकाने छापावे, अशी माझी संपादक मंडळाला जाहीर विनंती आहे. भाषा शुद्ध नसेल, वऱ्हाडी असेल, तर ती तशीच ठेवावी. ताराबाईंची भाषाही पुण्याला रुचली नव्हती. आणि ज्या बाईने पहिल्यांदा लिहिले तिला दुसरा लेख मागणारे पत्र गेलेच पाहिजे. ताराबाईंना ते पत्र कुणी पाठवले नाही.

आमच्या गटाची वही बाळापुरात सुरू झाली आहे. पहिल्या पानावर एका बेवारस अर्भकाची बातमी चिकटवली आहे आणि तिच्याखाली त्या शेतमजूर बाईचाच प्रश्न, तिच्याच शब्दांत, शाईने लिहिला आहे. तुमच्या तालुक्यातल्या वहीत काय जमा होते ते पुढच्या अंकासाठी कळवा.